रविवारची मंडई आणि आठवड्याचा स्वयंपाक

शेतातून तोडलेली भाजी मंडईत पोचते तेव्हा ती जिवंत असते. मुळाशी संबंध तुटला तरी तिच्या पेशींचे श्वसन चालूच राहते. त्यात साठवलेली साखर खर्ची पडते, थोडी उष्णता निर्माण होते आणि पानांतून, सालीतून पाणी उडून जाते. झाडावर असताना हा खर्च भरून निघतो, तोडल्यावर भरून निघत नाही. प्रत्येक भाजीचा खर्चाचा वेग मात्र वेगळा असतो. मेथी, कोथिंबीर, मटार, मक्याचे कणीस, भेंडी यांचे श्वसन झपाट्याने होते, तर कांदा, बटाटा, लाल भोपळा आणि सुरण यांचे अगदी संथ. सुट्टीच्या एका दिवसात बाजार उरकून आठवड्याच्या जेवणाची तजवीज करणाऱ्या घरांचे निम्मे कौशल्य या वेगांची जाण असण्यात आहे. काय कुठून घ्यायचे, कधी घ्यायचे, आधी काय शिजवायचे आणि शुक्रवारपर्यंत काय ठेवायचे, हे त्यावरूनच ठरते.

पुण्यातला रविवारचा बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आदल्या रात्रीच सुरू होतो. शनिवारी तिथल्या भाजीपाला विभागाला साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे रविवारची आवक आठवड्यात सर्वांत मोठी असते आणि ती अनेकदा ९० ते १०० ट्रकांच्या घरात जाते. कोणता माल कुठून येतो हे पाहिले की श्वसनाच्या वेगाचा नकाशाच समोर उभा राहतो. लसूण मध्य प्रदेशातून येतो, बटाटा आग्रा आणि इंदूरकडून, शेवगा कर्नाटक-तमिळनाडूतून, आले साताऱ्याकडून. हे सारे दोन-तीन दिवसांचा प्रवास सोसणारे आहेत. पालेभाजी मात्र जिल्ह्यातलीच, पुरंदर, हवेली, शिरूर, खेड या तालुक्यांतली. संध्याकाळी कापायची, जुड्या बांधायच्या, रात्री टेंपोत भरायच्या आणि पहाटे आडत्याच्या गाळ्यावर उतरवायच्या, एवढाच अवधी तिच्या हाती असतो. भाव लावण्याची रीतही वेगळी आहे. फळभाजीचा भाव दहा किलोवर निघतो आणि पालेभाजीचा शेकडा जुडीवर. पाऊस लागला की शेतातच पाला सडतो, आवक घटते आणि कोथिंबिरीच्या शेकड्याचा भाव एका रात्रीत दुप्पट होऊ शकतो. बटाट्यात असे सहसा होत नाही, कारण त्याच्या मागे शीतगृहांतला साठा उभा असतो.

घाऊक बाजारातून माल किरकोळ विक्रेत्यांकडे जातो. पुण्यात त्याचे जुने ठिकाण म्हणजे महात्मा फुले मंडई. पूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने दगडी मंडई बांधायला घेतली तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी एवढ्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. इमारत १८८६ मध्ये पूर्ण झाली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचे नाव मिळाले. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेली उंच छपराची दालने ही रचना आजही उपयोगाची आहे, कारण भाजीला सावली आणि वारा या दोनच गोष्टी हव्या असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून उन्हातल्या हातगाडीवरची मेथी आणि मंडईच्या सावलीतली मेथी सकाळी सारखीच असली तरी दुपारी सारखी राहत नाही.

गावोगावी हेच काम आठवडी बाजार करतो. प्रत्येक गावाचा वार ठरलेला असतो आणि शेजारच्या गावांचे वार वेगवेगळे असतात, त्यामुळे एकच व्यापारी आठवडाभर फिरता राहू शकतो. शहरांतही आता शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरतात. २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि शेतकऱ्याला किंवा शेतकरी गटाला थेट ग्राहकाला विकण्याची वाट सोपी झाली. अशा बाजारात दर कमी असतोच असे नाही, पण तोडणी आणि विक्री यांतले अंतर कमी असते. पालेभाजीच्या बाबतीत त्याचे मोल दरापेक्षा जास्त आहे.

एकाच दिवसात दर कसे बदलतात यामागेही हेच कारण आहे. सकाळी निवडक माल, चढा भाव. दुपारी गिऱ्हाईक रोडावते. संध्याकाळी उशिरा विक्रेता पालेभाजीच्या दोन जुड्या एकीच्या दरात देतो, कारण रात्र ओलांडली की तिला कोणी विचारणार नसते. कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर मात्र सकाळ-संध्याकाळच्या दरात फारसा फरक दिसत नाही. तेव्हा जड आणि टिकाऊ जिन्नस केव्हाही घ्यावेत, पालेभाजी सकाळी घ्यावी, आणि संध्याकाळच्या स्वस्त जुड्या त्याच रात्री शिजणार असतील तरच घ्याव्यात.

भाजी पारखण्याच्या घरगुती पद्धती बहुतेक खऱ्या ठरतात. भेंडीचे टोक वाकवल्यावर कट्टकन मोडले तर ती कोवळी. लवचिकपणे वाकली तर आत तंतू धरलेले असतात. गवारीच्या शेंगेचेही तेच. वांगे हाताला हलके आणि कातडी तकतकीत हवी. निस्तेज, जड वांग्यात बिया जून झालेल्या असतात. देठाकडचा हिरवा भाग ताजा आणि काटेरी असेल तर वांगे नुकतेच तोडलेले आहे असे समजावे. दुधीला नख लावून पाहण्यावर विक्रेते चिडतात, ते बरोबरच आहे, कारण नखाच्या खुणेतून बुरशी शिरते. कोवळ्या दुधीवर बारीक लव असते, ती बोटाला जाणवते. तेवढ्यावर भागते. कणसाचे दाणे भरलेले आहेत का हे सोललेल्या टोकाशी पाहता येते. दाण्यातून दुधासारखा रस आला तर कणीस ताजे. मटार आणि मका यांच्यातली साखर तोडल्यापासून तासातासाला पिष्टात बदलत जाते, म्हणून सकाळी गोड लागलेला मटार दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो. हिवाळ्यात मटार बाजारात आला की घरोघरी शेंगा सोलण्याची जी घाई दिसते, ती अगदी योग्य आहे. दाणे सोलून, उकळत्या पाण्यातून मिनिट-दोन मिनिटे काढून, गार करून फ्रीझरमध्ये ठेवले की हा बदल थांबतो.

दुधीबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. भोपळावर्गीय भाज्यांत क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. काकडीत ती देठाच्या टोकाशी जास्त असतात, म्हणून टोक कापून चाखण्याची पद्धत आहे. टोक घासून फेस काढल्याने बाकीच्या काकडीचा कडवटपणा जात नाही. दुधी किंवा दोडका कडू लागला तर तो टाकूनच द्यावा. कडू दुधीचा रस पिऊन तीव्र उलट्या, पोटातला रक्तस्राव आणि मृत्यू ओढवल्याच्या घटना भारतात घडलेल्या आहेत. शिजवल्याने हे द्रव्य नाहीसे होत नाही. चिरण्यापूर्वी एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहायला क्षणभर पुरतो.

मासळीच्या बाजारात पारख आणखी कसून करावी लागते. कल्ले लालभडक, डोळे वर आलेले आणि पारदर्शक, बोटाने दाबलेला भाग लगेच वर येणारा, ही ताज्या मासळीची लक्षणे. मुंबईच्या आणि कोकणातल्या बाजारांत लहान मासळी वाट्यावर विकली जाते. वाट्यात वरचे चार मासे ताजे आणि खालचे शिळे असू शकतात, म्हणून वाटा उलटून पाहावा. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. या दोन महिन्यांत बाजारात येणारी बरीचशी मासळी बर्फातली, खाडीची किंवा गोड्या पाण्यातली असते, आणि सुक्या बोंबील-सोड्यांना मागणी चढते.

पिशवी भरण्याचाही क्रम असतो. तळाशी कांदे-बटाटे, त्यावर कोबी-भोपळा, मग वांगी-भेंडी, वरती टोमॅटो आणि सगळ्यांत शेवटी पालेभाजी. दाबला गेलेला टोमॅटो त्या दिवशी धड दिसतो, पण आत फाटलेल्या पेशींमधून सडणे सुरू झालेले असते.

घरी आल्यावरचे पहिले काम पालेभाजी निवडण्याचे. मेथीची जुडी सोडून वर्तमानपत्रावर पसरायची, दोरा काढायचा, मुळांची माती झटकायची. एका हातात काडी धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने पाने खुडायची. कोवळा शेंडा देठासकट घ्यायचा आणि खालचा जून देठ टाकायचा. देठ नखाने तुटला तर कोवळा, ओढावा लागला तर जून. पिवळी, भोक पडलेली आणि कडेने काळवंडलेली पाने बाजूला काढायची, कारण एका सडक्या पानावरचे जिवाणू ओलाव्यातून शेजारच्या पानांवर पसरतात. जुडीच्या मध्यभागी, जिथे दोरा आवळलेला असतो, तिथली पाने आधी कुजतात. तिथे हवा खेळत नाही आणि श्वसनाची उष्णता अडकून राहते. म्हणून वेळ नसला तरी निदान दोरा तरी सोडून ठेवावा. निवडलेली भाजी लगेच धुऊ नये. पानांवर पाणी राहिले की ती दोन दिवसांत चिकट होते. कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी आणि चिरण्यापूर्वी धुवावी. कोथिंबीर मुळांसकट मिळाली तर मुळे ठेवूनच साठवावी.

प्रत्येक भाजी फ्रिजमध्ये ठेवावी हा मोठा गैरसमज आहे. घरगुती फ्रिजचे तापमान चार-पाच अंशांच्या आसपास असते. वांगी, भेंडी, काकडी, टोमॅटो, केळी ही उष्ण प्रदेशातली पिके आहेत आणि दहा-बारा अंशांखाली त्यांच्या पेशींचे आवरण बिघडते. भेंडीवर काळे डाग पडतात, वांग्याच्या बिया तपकिरी होतात, काकडी पाणचट होते, टोमॅटोचा स्वाद हरवतो. भेंडी-वांगी दोन-तीन दिवसांत संपवायची असतील तर स्वयंपाकघरातल्या गार कोपऱ्यातली टोपली पुरेशी आहे. बटाटाही फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते, तो गोडसर लागतो आणि तळताना लवकर काळा पडतो. तो अंधारातच ठेवावा, कारण उजेडात त्याची साल हिरवी होते आणि त्याबरोबर सोलानिन हे विषारी द्रव्यही वाढते. हिरवा भाग खोलवर कापून टाकावा. बटाटा कडू लागला तर सगळाच टाकावा. कांदा आणि बटाटा एकाच टोपलीत ठेवण्याची सवय मोडायला हवी. बटाट्यातून निघणाऱ्या ओलाव्याने कांद्याला कोंब फुटतात. साठवायला उन्हाळ कांदा घ्यावा. चाळीत महिनोन्महिने टिकतो तो हाच. खरिपाचा लाल कांदा पाणीदार असतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांपुरताच आणावा.

पिकलेली केळी, आंबे, सफरचंदे आणि टोमॅटो इथिलीन हा वायू सोडतात. या वायूने शेजारची फळे पिकतात, तशीच कोथिंबीर पिवळी पडते आणि काकडी मऊ होते. आढीत आंबे पिकतात ते याच वायूमुळे. फळांची टोपली पालेभाजीपासून दूर ठेवली तर कोथिंबीर एक-दोन दिवस जास्त जगते.

रविवारच्या स्वयंपाकातला सगळ्यांत आधी सुरू होणारा पदार्थ म्हणजे मोडाची उसळ. रविवारी सकाळी मटकीची उसळ किंवा मिसळ हवी असेल तर शुक्रवारी रात्री मटकी भिजत घालावी लागते. शनिवारी सकाळी पाणी ओतून देऊन ती ओल्या सुती फडक्यात गच्च बांधतात आणि पुरचुंडी चाळणीत ठेवतात, म्हणजे जादा पाणी निथळते आणि दाण्यांना हवा मिळते. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात. थंडीत चोवीस तासही लागतात, आणि तेव्हा पुरचुंडी शेगडीजवळ किंवा झाकलेल्या डब्यात ठेवतात. फडके सोडले की दाण्यांचा कोमट ओलसर वास येतो आणि पांढरे मोड कापडाच्या विणीतून बाहेर आलेले दिसतात. ते न तोडता मटकी सोडवून घेणे हे सावकाशीचे काम आहे.

मटकी हे कोरडवाहू पीक. कमी पावसात, हलक्या जमिनीत ते येते, आणि त्यामुळेच महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतल्या भागांत ते रुजले. मोड येताना दाण्यात बरेच काही घडते. वाळक्या कडधान्यात जवळजवळ नसलेले ‘क’ जीवनसत्त्व तयार होऊ लागते. लोह आणि जस्त धरून ठेवणारे फायटिक आम्ल विघटित होते, त्यामुळे ही खनिजे शरीराला जास्त मिळतात. पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज गटातल्या शर्करा अंकुराच्या वाढीत खर्च होतात आणि काही भिजवलेल्या पाण्याबरोबर जातात, म्हणून ते पाणी टाकून देण्याची जुनी पद्धत योग्य आहे. मात्र जी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच जिवाणूंनाही मानवते. कच्च्या मोडांपेक्षा वाफवलेली उसळ त्यामुळे अधिक निर्धोक असते. वास आंबट आला किंवा मोड बुळबुळीत लागले तर ती मटकी वापरू नये.

डाळ शिजत नाही ही तक्रार बहुधा पाण्याची असते. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते. चिंच, आमसूल, टोमॅटो यांच्या आम्लानेही पेक्टिन विरघळत नाही, त्यामुळे आंबट जिन्नस डाळ शिजल्यावरच घालायचे. जुनी डाळही उशिरा शिजते. सोडा घातला तर डाळ मऊ पडते, पण थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. तो घालण्यापेक्षा डाळ अर्धा-पाऊण तास भिजवणे केव्हाही चांगले. उंचीचाही परिणाम होतो. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी ९८ अंशांना उकळते. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ फार वेळ घेते. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते आणि ही अडचण उरत नाही.

फोडणीचा क्रम हा मराठी स्वयंपाकातला सर्वांत नेमका भाग. तेल पुरेसे तापल्याशिवाय मोहरी टाकली तर ती तडतडत नाही आणि कडवट लागते. तापलेल्या तेलात दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फुटते आणि आतला स्वाद तेलात उतरतो. जिरे मोहरीपेक्षा लवकर करपते, म्हणून ते मागून घालतात. मग हिंग, कढीपत्ता आणि शेवटी हळद. हळदीतले कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते, त्यामुळे फोडणीतली हळद आमटीभर सारखी पसरते. पण ती तेलात काही क्षणांतच जळते, तेव्हा हळद पडताच भाजी किंवा पाणी हाताशी हवे.

मेथी, पालक झाकण ठेवून शिजवले की रंग तपकिरी होतो. पानांतली बाष्पशील आम्ले वाफेबरोबर उडून जाण्याऐवजी परत भाजीत पडतात आणि हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते. पहिली पाच मिनिटे उघडी ठेवली तर हिरवेपणा टिकतो. भेंडीचा चिकटपणा पाण्याने वाढतो आणि आम्लाने कमी होतो. आधी धुवून, पुसून मग चिरावी आणि परतताना दोन आमसुले टाकावीत.

अनेक मराठी घरांत रविवार हा मटणाचा वार. सोमवार, गुरुवार आणि शनिवार उपासाचे किंवा देवाचे म्हणून वगळले जातात. बाकीच्या वारी कामामुळे वेळ नसतो, म्हणून खाटकाच्या दुकानासमोरची मोठी रांग रविवारीच दिसते. मटणाला वेळ लागतो तो स्नायूंना बांधणाऱ्या कोलॅजेनमुळे. ते मंद, ओल्या उष्णतेत तास-दीड तासाने जिलेटिनमध्ये बदलते आणि रस्सा दाट होतो. हळद, मीठ, आले-लसूण लावून मुरवलेले मटण आधी नुसत्या पाण्यात शिजवून अळणी पाणी काढून घेतात. ते पाणी कोल्हापूरकडे पांढऱ्या आणि तांबड्या, दोन्ही रश्श्यांचा पाया असते. कांदा-खोबऱ्याचे वाटण याच दिवशी जास्त करून ठेवण्यासारखे आहे. उभा चिरलेला कांदा तेलात तांबूस होईपर्यंत आणि सुके खोबरे खमंग भाजले की ओलावा कमी होतो आणि वाटण फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. त्यात ओले खोबरे किंवा कोथिंबीर मिसळली तर दोन दिवसांतच वास येतो. ती आयत्या वेळी घालावी.

आठवड्याचा क्रम मग आपोआप लागतो. रविवारी-सोमवारी पालेभाज्या, मंगळवारी भेंडी आणि वांगी, बुधवारी फ्लॉवर आणि गवार, त्यानंतर कोबी, आणि शेवटच्या दिवसांत दुधी, लाल भोपळा, सुरण, बटाटा. मधे एखाद्या दिवशी फ्रीझरमधल्या मटाराची उसळ.

शिजवून ठेवलेल्या अन्नात सर्वांत जास्त काळजी भाताची घ्यावी लागते. तांदळावर ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळण्यानेही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. एकदा तयार झालेले हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून दुपारचा उरलेला भात पातेल्यात झाकून संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नये. परातीत पसरून गार करावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीचा भात करून संपवावा. आमटी आणि रस्साही मोठ्या पातेल्यातून लहान भांड्यांत काढले तर लवकर गार होतात. खाण्याआधी मात्र त्यांना एक खळखळून उकळी द्यावी.